लोकगीतं वाजवता वाजवता स्टुडिओत अरेंजिंग करायला लागलात? पहिल्या दोन वर्षांसाठी टप्प्याटप्प्याने

मी बासरी वाजवते. कोणी गायला बसलं की मागे बसून साथ करायची, एवढंच बरीच वर्षं करत होते. मग एका गायिकेने विचारलं की चार पारंपरिक गाणी रेकॉर्ड करायची आहेत, तुला सगळी येतात तर तूच बसव ना. मी हो म्हणाले, आणि त्या चार गाण्यांना आठ महिने लागले. त्यातले निदान पाच महिने अशा गोष्टींत गेले ज्या कोणी आधी सांगितल्या असत्या तर एका संध्याकाळी समजल्या असत्या. म्हणून हे लिहितेय. तुम्ही लोकसंगीत वाजवता किंवा गाता, कानाने शिकलायत, नोटेशन थोडं येतं किंवा अजिबात येत नाही, आणि आता कोणीतरी स्टुडिओत बोलावलंय किंवा "अरेंज करशील का" म्हणून विचारलंय, तर हे तुमच्यासाठी आहे.

अरेंजर म्हणजे काय हे आधी साफ करून घेऊ कारण मलाही माहीत नव्हतं. चाल आधीच असते, शब्द असतात. कोणतं वाद्य कधी येणार, कोणत्या पट्टीत, मुखड्याआधी काय, दोन कडव्यांच्या मध्ये काय, कुठे गप्प बसायचं, हे सगळं ठरवणारा तो अरेंजर. लोकसंगीतात यातलं बरंचसं वाजवणारे एकमेकांकडे बघून ठरवतात. स्टुडिओत माणसं एकेकटी, वेगवेगळ्या दिवशी वाजवतात, त्यामुळे ते एकमेकांकडे बघणं कोणीतरी आधीच करून ठेवावं लागतं. ते काम तुमचं.

१. गाणं आधी पूर्ण शिका, एका रेकॉर्डिंगवरून शिकू नका

सगळ्यात मोठी चूक इथे होते. आपण गाण्याचं एखादं प्रसिद्ध रेकॉर्डिंग ऐकतो, तेच गाणं समजतो आणि त्याच्यावर थर चढवत जातो. पण ते रेकॉर्डिंग म्हणजे कोणीतरी आधीच केलेलं अरेंजमेंट असतं, तुम्ही नकलेची नक्कल करताय. निदान तीन माणसांकडून तेच गाणं ऐका. तिघांच्या गाण्यात जे सारखं येतं ते गाण्याचं हाड आणि जे बदलतं ती त्या त्या माणसाची भर. अरेंजमेंटमध्ये हाडाला हात लावायचा नाही, बाकी सगळं तुमच्या ताब्यात.

ऐकताना फोनवर रेकॉर्ड करा (विचारून, आणि ते कशासाठी वापरणार हेही सांगून) आणि त्याच दिवशी वहीत लिहा: कोणाकडून ऐकलं, त्यांनी कोणाकडून शिकलं, तारीख, पट्टी, शब्दांत काय वेगळं, कुठे श्वास घेतला. श्वासाची जागा आवर्जून लिहा कारण पुढे भरणा (दोन ओळींमधला वाद्याचा छोटा तुकडा) कुठे बसेल हे तिथूनच कळतं. बेला बार्टोक आणि झोल्तान कोदाय हे दोघं हंगेरियन संगीतकार १९०६ च्या सुमारास हंगेरीच्या खेड्यांत फोनोग्राफ घेऊन फिरत होते, मेणाच्या सिलिंडरवर गाणी घ्यायचे आणि मग लिहून काढायचे. बार्टोकने तीसेक वर्षांनी, १९३४ नंतर, तीच जुनी रेकॉर्डिंग परत ऐकून आधी केलेलं लेखन सुधारलं, बारीक मुरक्या आणि अर्धवट सूर आणखी तपशिलाने लिहिले. एवढा तयार कानाचा माणूस परत ऐकायला बसतो तर आपण एकदा ऐकून "आलं मला" म्हणू नये. मी आजही प्रत्येक गाण्याची दोन महिन्यांनी परत उजळणी करते आणि दर वेळी काहीतरी निसटलेलं सापडतं.

२. वाद्याचा सूर मोजा, मोजून लिहून ठेवा

माझं पहिलं सेशन याच्यावरून बिघडलं. पियानोचा ट्रॅक आधी झालेला, मी बासरी घेऊन आत गेले, घरी ट्यूनरवर बरोबर येत होती आणि तिथे पहिल्याच सुराला सगळ्यांनी मान वर केली. खोली थंड होती, बासरी उतरलेली. मी जोरात फुंकून वर ढकलत राहिले, त्याने आवाज कर्कश झाला आणि दोन तास वाया गेले.

त्यामागचं कारण साधं आहे. फुंकवाद्याच्या आतल्या हवेचं तापमान एक अंश सेल्सिअसने बदललं की सूर साधारण ३ सेंट सरकतो (एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरतात). गरम झालं की चढतो, थंड झालं की उतरतो. स्टीलच्या तारेचं नेमकं उलटं, उष्णतेने तार सैल पडून सूर उतरतो. कातड्याची वाद्यं दमट हवेत उतरतात. म्हणजे एकाच खोलीत एकाच वेळी तीन वाद्यं तीन दिशांना जाऊ शकतात. त्यामुळे अर्धा तास आधी पोचा, वाद्य उघडून त्या खोलीच्या हवेत ठेवा, फुंकवाद्य असेल तर टेकच्या (एका सलग रेकॉर्डिंगच्या) आधी हळू श्वासाने आतून गरम करत राहा.

दुसरी गोष्ट म्हणजे संदर्भाचा सूर. मधला ए (पाश्चात्य पद्धतीतलं एका सुराचं नाव) हा ४४० हर्ट्झ धरायचा ही शिफारस आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९५५ मध्ये आली आणि १९७५ मध्ये ती पक्की झाली, आणि स्टुडिओतला प्रत्येक कीबोर्ड न सांगता ४४० वरच असतो. लोकवाद्यांना मात्र हे मानक कोणी विचारलेलं नाही, ती बनवणाऱ्याच्या हाताच्या मापावर बनतात. ४४० च्या आसपास १ हर्ट्झचा फरक म्हणजे जवळजवळ ४ सेंट. तुमचं वाद्य ४४६ ला असेल तर तो फरक २० सेंटच्या पुढे गेला, कोणालाही ऐकू येईल.

अशा वेळी वाद्याला कीबोर्डकडे ओढू नका, कीबोर्ड वाद्याकडे आणा. सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ सूर बदलायची सोय जवळपास प्रत्येक ठिकाणी असते, दोन क्लिकचं काम आहे. पण हे पहिला ट्रॅक व्हायच्या आधी करावं लागतं, नंतर सगळं खेचत बसावं लागतं. म्हणून माझ्या वहीत आता प्रत्येक वाद्याचं एक पान आहे: सगळ्यात खालचा सूर, सगळ्यात वरचा, ए किती हर्ट्झला येतो, कोणता सूर मुळातच चढा किंवा उतरा आहे. तुमच्या साथीदारांच्या वाद्यांचंही असं पान करा.

३. क्लिक लावायचा का, हे आधी ठरवा

स्टुडिओत सगळे धरूनच चालतात की क्लिकवर वाजवायचं. क्लिक म्हणजे हेडफोनमध्ये टिकटिक करणारा लयीचा ठोका. त्याचे फायदे खरे आहेत, नंतर कोणीही येऊन वाजवू शकतं, तुकडे जोडता येतात, एका कडव्यातला चांगला भाग दुसरीकडे टाकता येतो. पण लोकसंगीताची लय सगळीकडे सारख्या अंतराने पडत नाही, आणि ते अंतर सारखं केलं की गाणं मरतं, सूर शब्द सगळं बरोबर असून मरतं.

नॉर्वेच्या तेलेमार्क भागात स्प्रिंगार नावाचं नृत्यसंगीत आहे, तीन ठोक्यांचं, पण तीन ठोके समान नाहीत. पहिला लांब, दुसरा मध्यम, तिसरा आखूड. तिथले वाजवणारे पायाने ठोका देतात आणि तो पायही तसाच असमान पडतो. याला तीन समान ठोक्यांच्या क्लिकवर बसवलं तर नाचणाऱ्याला पाऊल टाकता येणार नाही. तुमच्या परंपरेत असं काय आहे ते शोधा. बऱ्याचदा एखादा ठोका थोडा मागे ओढलेला असतो, किंवा कडव्याच्या शेवटी अर्धी मात्रा जास्त घेतली जाते, किंवा मुखड्यावर परत येताना लय किंचित चढते. फोनवरचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये टाका, आवाजाच्या आकृतीत ठोक्यांच्या जागा दिसतात, दोन ठोक्यांमधलं अंतर मोजा. मिनिटाला ९६ ठोक्यांच्या लयीत एक ठोका ६२५ मिलिसेकंदांचा होतो, आता तुमच्या गायकाचे प्रत्यक्ष किती येतात ते बघा. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा एका गाण्यात ६०० पासून ६८० पर्यंत फिरत होतं आणि ते प्रत्येक कडव्यात त्याच जागी फिरत होतं. म्हणजे ती चूक नव्हतीच, गाणं तसंच होतं.

मग तीन मार्ग आहेत. एक, सगळ्यांनी एकत्र बसून क्लिकशिवाय वाजवायचं, मला हाच सगळ्यात जास्त आवडतो. दोन, मुख्य गायक आणि एक तालवाद्य यांनी क्लिकशिवाय रेकॉर्ड करायचं आणि मग सॉफ्टवेअरमध्ये एकेका ठोक्यावर खूण करून लयीचा नकाशा बनवायचा, म्हणजे क्लिकच गायकाच्या मागून चालायला लागतो आणि बाकीचे त्याच्यावर वाजवतात. चार मिनिटांच्या गाण्याला हे खुणा करायचं काम दोनेक तास खातं पण पुढचं सगळं सोपं होतं. तीन, क्लिकच लावायचा, पण टिकटिकीच्या जागी तुमचाच ठेका वाजवून त्याचं छोटं आवर्तन लूप करायचं. गाणं ठाम सरळ लयीचं असेल तर हे पुरतं.

इंजिनिअर "सगळं ग्रिडवर ओढून घेऊ" (म्हणजे प्रत्येक ठोका सॉफ्टवेअरमधल्या समान अंतराच्या रेषांवर सरकवू) म्हणाला तर घाबरू नका, शांतपणे सांगा की तालवाद्य ओढायचं नाही, आधी मला ऐकून ठरवू दे. तो त्याच्या सवयीने बोलत असतो, तुमची परंपरा त्याला माहीत असायचं कारण नाही. ती सांगायची जबाबदारी तुमची आहे, त्या खोलीत दुसरं कोणी सांगणारं नसतं.

४. भरू नका, जागा ठेवा

मी पहिल्या गाण्यात अकरा वाद्यं घातली होती. बासरी, दोन प्रकारचे ढोल, व्हायोलिनचे चार थर, गिटार, पियानो, बेस, मागे सिंथचा एक लांब सूर. गायिकेने ऐकून एवढंच विचारलं, "मी कुठे आहे यात?" मग एकेक काढत गेले. शेवटी पाच उरली आणि गाणं पहिल्यांदा गाणं वाटलं.

आता मी असं करते. आधी फक्त आवाज आणि ठेका, एवढ्यावर पूर्ण गाणं ऐकायचं. जिथे कंटाळा येतो तिथेच काहीतरी घालायचं, आणि जे घालायचं ते आवाजाच्या वर किंवा खाली, त्याच पट्ट्यात नाही. गायिका मधल्या सप्तकात गात असेल तर व्हायोलिन त्याच सुरांत लांब लांब वाजवून तुम्ही तिलाच झाकताय. व्हायोलिनचा सगळ्यात खालचा सूर जी, १९६ हर्ट्झचा, व्हायोला त्याच्याखाली सी पर्यंत म्हणजे १३१ हर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे व्हायोलाला खाली ठेवून वर आवाजाला मोकळं सोडता येतं. प्रत्येक वाद्य कुठून कुठपर्यंत जातं हे पाठच करा, वेळ जातो पण आयुष्यभर पुरतं.

कॉर्ड्सबद्दल (एकाच वेळी वाजवलेले तीन-चार सूर) थोडं जास्त लिहिते कारण सगळे इथेच अडकतात. अनेक लोकगीतं एका आधारसुरावर उभी असतात, त्यांना कॉर्ड बदलायची गरजच नसते. आपण गिटार शिकलेलो असतो म्हणून दर दोन मात्रांना कॉर्ड बदलतो आणि चालीतला ताण निघून जातो. शिवाय कॉर्डमधला तिसरा सूर गाण्याला मेजर (शुद्ध गंधाराचं) किंवा मायनर (कोमल गंधाराचं) ठरवून टाकतो. चालीतला तो सूर दोन्हींच्या मधला असेल तर कीबोर्ड आणि गायक सरळ भांडायला लागतात. अरबी संगीतातल्या रास्त मकामात (मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखी चौकट) तिसरा सूर असाच मधला असतो, त्याच्याखाली पियानोचा मेजर कॉर्ड धरला की दोन्ही बेसूर वाटतात आणि लोक दोष गायकाला देतात. उपाय सोपा आहे, तिसरा सूर वगळा. फक्त आधारसूर आणि पंचम धरा. आयरिश संगीतात ग्रीक बुझुकी (लांब मानेचं छेडून वाजवायचं तंतुवाद्य) १९६० च्या दशकात आली, आणि तिथे ती बरेचदा जी-डी-ए-डी अशी लावतात, तारा तशा लावल्या की मोकळे पंचम सहज मिळतात आणि तिसरा सूर न वाजवता साथ करता येते. बाहेरून आलेलं वाद्य तिथलंच होऊन गेलं यामागे हेही एक कारण आहे असं मला वाटतं, त्याने चालीला ढकललं नाही.

अजून एक. मधल्या म्युझिकसाठी नवीन चाल रचायच्या आधी गाण्यातलीच एखादी ओळ घ्या, उलटी करा, अर्धी वाजवा, खालच्या सप्तकात न्या. गाण्यातूनच आलेलं म्युझिक चिकटवलेलं वाटत नाही.

५. एक पानाचा कागद

नोटेशन उत्तम येत नसेल तरी चालेल, पण वाजवायला येणाऱ्याच्या हातात कागद हवा. वर गाण्याचं नाव, पट्टी, लय, संदर्भ सूर. खाली भाग: सुरुवात, मुखडा, कडवं १, म्युझिक, आणि प्रत्येक भागाला अक्षर आणि मात्रांची किंवा बारची संख्या. "तिसऱ्या कडव्यानंतर ते असं असं येतं ना, तिथून" असं सांगण्यात स्टुडिओचे तास जातात, "ड पासून" म्हटलं की सगळे तिथे पोचतात.

कॉर्ड लिहायच्या असतील तर आकड्यांत लिहा, पट्टीतल्या कितव्या सुरावरची कॉर्ड त्याप्रमाणे पहिला चौथा पाचवा असे. ही पद्धत अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओंत १९५० च्या दशकाच्या शेवटी नील मॅथ्यूज ज्युनियर या गायकाने सुरू केली आणि तिचा फायदा एकच पण मोठा आहे, गायक ऐन वेळी म्हणाला की एक पट्टी खाली घेऊ तर कागद बदलावा लागत नाही. लोकगायक असं हमखास म्हणतात, सकाळचा आवाज आणि संध्याकाळचा आवाज वेगळा असतो.

सापळा: क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन यांना लिहिलेला सूर आणि ऐकू येणारा सूर वेगळा असतो. बी फ्लॅट क्लॅरिनेटला सी लिहिला की एक पूर्ण स्वर खालचा बी फ्लॅट वाजतो, आल्टो सॅक्सला सी लिहिला तर नऊ अर्धे स्वर खालचा ई फ्लॅट. वादकाला विचारा की कागद त्याच्या वाद्याच्या पट्टीत हवा का. म्यूझस्कोरसारखं फुकट सॉफ्टवेअर हे एका बटणात करून देतं.

६. घरी काय लागतं

- कॉम्प्युटर आणि एक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर. रीपर, लॉजिक, एबलटन, कोणतंही. जे तुमच्या ओळखीतल्या कोणाला येतं ते घ्या, अडल्यावर विचारता येतं.
- दोन इनपुटचं ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी)
- एक साधा डायनॅमिक माइक. शुअरचा एसएम५७ हा १९६५ पासून चालत आलाय, पडतो, आपटतो, चालतो.
- कान झाकणारा बंद हेडफोन (उघड्या हेडफोनमधून क्लिक बाहेर येऊन माइकमध्ये शिरतो)
- छोटा मिडी कीबोर्ड (सॉफ्टवेअरमधली वाद्यं वाजवायला)
- ट्यूनर, वही, पेन्सिल

यापेक्षा जास्त पहिल्या वर्षी घेऊ नका. पैसे उरले तर ते वादकाला द्या, चांगल्या वादकाने साध्या माइकवर वाजवलेलं उलट्या जोडीपेक्षा नेहमी बरं वाटतं.

७. रेकॉर्डिंगचा दिवस

आदल्या रात्री सगळ्यांना कागद आणि कच्चं रेकॉर्डिंग पाठवा. ज्यांना कागद वाचता येत नाही त्यांना त्यांचा भाग गाऊन पाठवा, त्यात कमीपणा काही नाही.

क्रम बहुतेक असा असतो: कच्चा आवाज, मग ताल, मग बेस आणि आधाराची वाद्यं, मग सुरावटीची वाद्यं, शेवटी पक्का आवाज. लोकगीतात मी पक्का आवाज आधी घ्यायला लागले, कारण वादकांनी गायकाच्या मागे जायला हवं, पूर्ण भरलेल्या ट्रॅकवर गायकाला बसवलं की तो आपसूक जोरात गातो आणि मुरक्या सपाट होतात.

लोककलावंत, खासकरून वयाने मोठे, पहिल्यांदाच स्टुडिओत आले असतील तर त्यांना एकट्याने काचेच्या खोलीत हेडफोन लावून उभं करू नका. मी एका आजींना असं उभं केलं होतं. घरी दीड तास न थांबता गाणाऱ्या आजी तिथे दोन ओळींनंतर थांबल्या, म्हणाल्या मला माझाच आवाज परका वाटतोय. आम्ही हेडफोन काढला, मी समोर जमिनीवर बसले, त्यांची नेहमीची साथ करणारी बाई शेजारी बसली आणि एका झटक्यात सगळं झालं. थोडा आवाज एकमेकांच्या माइकमध्ये शिरला, शिरू दे. एक काळजी घ्या: माइक गायकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर दुसरा माइक पहिल्यापासून निदान ९० सेंटिमीटर दूर ठेवा, याला तीनास एकचा नियम म्हणतात, त्याने आवाज पोकळ होत नाही. बासरीसारख्या वाद्याला माइक फुंकेच्या समोर धरू नका, थोडा वरून आणि बोटांच्या छिद्रांच्या बाजूला ठेवा.

टेक चुकला म्हणून मध्येच थांबवू नका, पूर्ण होऊ द्या. आणि पहिला टेक कधीच पुसू नका, "नुसतं आवाज तपासू" म्हणून गायलेलं बऱ्याचदा सगळ्यात मोकळं असतं.

८. फाइली

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव फाइल. लेव्हल लालच्या जवळ नेऊ नका, सगळ्यात मोठा ठोका उणे १० डेसिबलच्या आसपास राहू दे. सगळ्या फाइली गाण्याच्या अगदी शून्यापासून सुरू झालेल्या हव्यात, नाहीतर दुसऱ्या स्टुडिओत त्या जुळत नाहीत. नावात गाणं, वाद्य, टेक क्रमांक, लय. दोन वेगळ्या जागी प्रत ठेवा, त्याच रात्री. माझं एक पूर्ण सेशन एका बिघडलेल्या डिस्कबरोबर गेलं आणि त्यातल्या वादकांना परत बोलवायचं धाडस मला आजही होत नाही.

९. नावं, हक्क, पैसे: पहिल्या दिवशीच लिहून घ्या

हे वाचून सोडून देऊ नका. पहिल्या प्रोजेक्टमध्ये माझं नाव अरेंजर म्हणून कुठेच आलं नाही, फक्त "बासरी" म्हणून आलं, कारण आम्ही तोंडीच बोललो होतो आणि ज्यांनी पुढचं सगळं सांभाळलं त्यांच्यापर्यंत ते बोलणं पोचलंच नाही. भांडायला हातात कागद नव्हता.

थोडक्यात समजून घ्या. चाल खरंच पारंपरिक असेल तर तिच्यावर साधारणपणे कोणाचा कॉपीराइट नसतो, पण तुम्ही केलेल्या अरेंजमेंटवर तुमचा असू शकतो. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातच संगीताच्या अरेंजमेंटला मूळ रचनेसारखं संरक्षण द्यायचं म्हटलंय, मूळ रचनेच्या हक्काला धक्का न लावता. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, वाजवणाऱ्यांचे हक्क आणखी वेगळे. नियमांचे तपशील प्रत्येक देशात बदलतात, तुमच्या देशातल्या कॉपीराइट सोसायटीकडे जाऊन लेखी विचारा.

आणि "पारंपरिक" लिहायच्या आधी दहादा तपासा. दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडाने १९३९ मध्ये जोहान्सबर्गच्या स्टुडिओत "मबुबे" हे स्वतःचं गाणं रेकॉर्ड केलं. पुढे अमेरिकेत ते आफ्रिकेतलं जुनं लोकगीत समजून गायलं गेलं, १९६१ मध्ये इंग्रजी शब्द लावून जगभर गाजलं, आणि लिंडा १९६२ मध्ये गरिबीत वारला. त्याच्या मुलींना न्याय मिळेल असा समझोता २००६ मध्ये झाला, म्हणजे रेकॉर्डिंगनंतर सदुसष्ट वर्षांनी. आपण पहिल्या टप्प्यात जी वही लिहिली, कोणाकडून ऐकलं आणि त्यांनी कोणाकडून शिकलं, ती इथे कामी येते. शिकवणारे म्हणाले की "ही ओळ माझ्या मावशीने जोडली" तर ती ओळ पारंपरिक नाही, त्या मावशीची आहे, तिचं नाव लिहा.

हे कागद एका फोल्डरमध्ये तयार ठेवा:

- वाटणीचा कागद: चाल, शब्द, अरेंजमेंट, कोणाचे किती टक्के, सगळ्यांच्या सह्या, तारीख
- प्रत्येक वादक-गायकाचं संमतिपत्र, त्यात मोबदला किती आणि कधी, एकरकमी का पुढेही वाटा
- ओळखपत्राची प्रत आणि बँकेचा तपशील
- नावांची यादी, स्पेलिंगसकट, ज्याचं त्याने तपासलेली
- आयएसआरसी क्रमांक, हा १२ अक्षर-आकड्यांचा असतो आणि प्रत्येक रेकॉर्डिंगला वेगळा, पैसे त्याच्यावरून शोधले जातात
- तुमच्या वहीतली मूळ माहितीची पानं, फोटो काढून

वाटणीचा कागद सह्या होईपर्यंत फाइली देऊ नका. सुरुवातीला हे बोलायला फार अवघड वाटतं, विशेषतः ओळखीत. मी आता पहिल्याच भेटीत कागद समोर ठेवते आणि म्हणते की मी सगळ्यांबरोबर हेच करते. अजून कोणी रागावलं नाही. जे टाळतात त्यांच्याबरोबर मी काम करत नाही. आणि "नाव होईल" एवढ्यावर तुम्ही स्वतः एकदा वाजवलंत तरी बाकीच्या वादकांना तसं बोलावू नका, त्यांचे पैसे मिळत नसतील तर वादक कमी करा.

१०. पुढची कामं

कामं ओळखीतून येतात, इंजिनिअर आणि वादक तुमचं नाव सांगतात. एक-एक मिनिटाचे तीन नमुने तयार ठेवा: एक फक्त आवाज आणि एक वाद्य, एक पाच-सहा वाद्यांचं, एक जिथे लोकवाद्य दुसऱ्या प्रकारच्या संगीतात बसवलंय. आणि एक दिवस इंजिनिअरच्या शेजारी नुसतं बसायला मिळालं तर बसा, वर्षभराचं शिक्षण होतं.

११. मिक्स (सगळ्या ट्रॅकचं शेवटचं मिश्रण) पक्कं व्हायच्या आधी, ज्यांचं गाणं त्यांना ऐकवा

हा टप्पा कोणी यादीत घालत नाही, मी घालते. ज्यांच्याकडून गाणं शिकलात त्यांच्याकडे स्वतः जाऊन, चांगल्या स्पीकरवर पूर्ण गाणं लावा आणि मध्ये बोलू नका. "छान झालंय" असं बहुतेक म्हणतातच, ते सौजन्य असतं. थांबा आणि विचारा की कुठे चुकलंय का. मग खरं सांगतात.

त्या आजींना मी असंच ऐकवलं. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, तिसऱ्या कडव्याआधी तुझी बासरी जी येते ना, ती गोड आहे, पण तिथे मी नेहमी थांबते, कारण ती बाई तिथे दारात उभी आहे, वाट बघतेय. मी त्या जागेला श्वास समजले होते. परत आल्यावर तो बासरीचा आठ मात्रांचा तुकडा काढला आणि तिथे नुसती तानपुऱ्यासारखी मागची एक तार चालू ठेवली. इंजिनिअरने विचारलं, इथे काही राहिलंय का. मी म्हटलं, नाही, इथे असंच आहे.